आमच्याकडे नीट दिसतंय

पार्ले पूर्वेच्या सुसंवाद मंडळाला पन्नास वर्षं झाली आणि त्या वयाच्या मंडळांना हटकून होतो तो आजार त्यालाही झाला. स्मरणिका काढायचं ठरलं.

स्मरणिका म्हणजे काय ते पार्ल्यात कुणाला सांगावं लागत नाही. पहिल्या पानावर गणपती, दुसऱ्यावर अध्यक्षांचं मनोगत, मग मान्यवरांच्या शुभेच्छा, कार्यकारिणीचा ग्रुप फोटो, सराफांच्या आणि फरसाणवाल्यांच्या जाहिराती, आणि त्यातूनही जागा उरलीच तर साहित्य. ती घरी आली की माणूस आधी आपला फोटो शोधतो. खाली नाव बरोबर छापलंय ना ते बघतो. शेजारच्या जोश्यांचा फोटो आपल्यापेक्षा मोठा आलेला नाही याची खातरजमा करतो आणि स्मरणिका टीव्हीखालच्या कप्प्यात सरकवून देतो. पुढे रद्दीवाला येईपर्यंत तिला कुणी हात लावत नाही.

उत्तरा गुप्ते कित्येक वर्षं या मंडळाची मुद्रितं तपासत आली होती. टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागली, तिथूनच निवृत्त झाली, आणि या सगळ्या काळात मंडळाचे अध्यक्ष बदलले तरी त्यांचे ऱ्हस्वदीर्घ काही बदलले नाहीत. ते निस्तरायला उत्तरा. त्याबद्दल अहवालाच्या शेवटच्या पानावर 'मुद्रितशोधन: सौ. उत्तरा गुप्ते' अशी एक ओळ यायची. ती ओळसुद्धा एकदा चुकीची छापली गेली होती.

या वेळी मात्र तिची स्वतःची कथा छापून येणार होती. चार पानं, नाव 'ट्रंक कॉल'. रात्रपाळीला बसलेली एक ऑपरेटर मुलगी पार्ल्याहून देवगडला फोन जोडून देते आणि तारेवरून चाललेलं दुसऱ्या कुणाचं दुःख तिच्या कानात शिरतं, अशी गोष्ट. उत्तरानं ती अनेक वर्षं मनात घोळवली होती, निवृत्तीनंतर लिहिली होती आणि लिहून झाल्यावर कुणाला न दाखवता ठेवून दिली होती. जन्मभर दुसऱ्यांचं वाचलं, आता एकदा कुणीतरी आपलं वाचावं, एवढीच तिची इच्छा होती. इच्छा साधी होती. पण ती सुसंवाद मंडळाच्या हाती पडली होती.

संपादक अनिरुद्ध. पस्तिशीचा, चुणचुणीत. तो एका सॉफ्टवेअर कंपनीत माल विकायच्या खात्यात होता, पण कंपनीच्या नावात सॉफ्टवेअर असल्यामुळे मंडळाच्या दृष्टीनं तो कॉम्प्युटरमधला तज्ज्ञ होता. त्यानंही हा गैरसमज दूर करायची घाई केली नव्हती. बाहेर कशाला द्यायचं, मांडणी मीच करतो, असं तो म्हणाला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

उत्तरानं कथा मेल केली आणि दोन दिवसांनी अनिरुद्धनं पहिली पीडीएफ ग्रुपवर टाकली. तिनं फोनवर उघडली. वर मोठ्या अक्षरांत 'ट्रंक कॉल', त्याखाली तिचं नाव, बाजूला साडीतला फोटो, सगळं झकास. आणि त्याखाली पाउंडाच्या खुणा, रिकामे चौकोन, उलटी प्रश्नचिन्हं आणि टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं, चार पानं भरून.

दोष तसा जुना होता. उत्तराच्या घरच्या कॉम्प्युटरवर 'मृण्मयी' नावाचा एक फॉन्ट होता, भावानं कधीकाळी टाकून दिलेला. अशा जुन्या फॉन्टांत अक्षरं आतून मराठी नसतातच. आत सगळा इंग्रजी खुणांचा कचरा, आणि वरून फॉन्ट त्याला मराठीचा मुखवटा चढवतो. ज्या यंत्रावर तो मुखवटा आहे तिथे 'आई' दिसते. जिथे नाही तिथे एक पाउंड आणि दोन चौकोन. पीडीएफ करताना फॉन्ट तिच्या पोटातच भरून पाठवला तर काही बिघडत नाही. तो कुणी भरला नव्हता.

उत्तरानं ग्रुपवर लिहिलं, 'माझी पानं नीट दिसत नाहीत.'

झालं. पार्ल्यात सल्ल्याला कधी तोटा पडत नाही. एकीनं फोन बंद करून चालू करायला सांगितलं. एकानं गुळवेलीच्या काढ्याचा मेसेज टाकला, तो चुकून टाकला असावा. खजिनदार शर्मिष्ठानं 'आमच्याकडे नीट दिसतंय' असं ठणकावलं. तिनं उघडलं होतं तिचं स्वतःचं पान, ज्यावर तिची पुडाच्या वड्यांची पाककृती होती.

"काकू, तुमचा फोन जुना झालाय," अनिरुद्धनं फोन करून सांगितलं. "अपडेट मारा."

"अरे, पण बाकीची पानं दिसतात की मला. जाहिराती दिसतात, वड्या दिसतात. माझ्याच पानांनी काय घोडं मारलंय?"

"ते रेंडरिंगचं असतं हो. प्रिंटमध्ये येतं बरोबर."

रेंडरिंग म्हणजे काय ते तिला माहीत नव्हतं. त्याला तरी माहीत होतं की नाही कोण जाणे, पण शब्द असा होता की पुढे बोलणंच खुंटलं.

हाच घोटाळा अध्यक्षांच्या मनोगतातही झाला होता हे तिला मागाहून कळलं. अध्यक्ष मधुकर देवस्थळी, एका मोठ्या कंपनीतून मॅनेजर होऊन निवृत्त झालेले, पण मॅनेजरकीतून अजून निवृत्त न झालेले. त्यांच्या पानावर चौकोन दिसल्याबरोबर अनिरुद्ध त्यांच्या घरी जाऊन बसला आणि अख्खं मनोगत नव्या फॉन्टमध्ये स्वतः टाईप करून दिलं. मध्ये दोनदा चहा झाला. म्हणजे उपाय त्याला ठाऊक होता. तो फक्त अध्यक्षांपुरता राखीव होता.

मग उत्तरानं पदर खोचला. ऑपरेटरची बोटं ती, त्यांना कामाचं काय भय? तिनं सगळी कथा फोनवर नव्या फॉन्टमध्ये पुन्हा टाईप केली, अंगठ्यानं, ओळीमागून ओळ. मान अवघडली, अंगठा सुजला, स्वयंपाकाला दोन दिवस खिचडीवर भागवलं. पाठवल्यावर अनिरुद्धचा अंगठा आला. तोही एकच, आणि न सुजलेला.

शेवटची पीडीएफ एवढी जड निघाली की तिच्या फोनवर उतरेचना. मग ती स्वतःच त्याच्या घरी गेली. डोळ्यांनी बघितल्याशिवाय मुद्रित सोडायचं नाही हा तिचा नेम होता.

"बघा काकू!" अनिरुद्धनं लॅपटॉप तिच्याकडे वळवला.

चारही पानं लख्ख. काना, मात्रा, वेलांटी जिथल्या तिथे. उत्तरानं पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं, एक स्वल्पविराम सुचवला, तोही त्यानं तिच्यादेखत टाकला. तिचे डोळे भरून आले. छापील पानावर आपलं वाक्य कसं दिसतं ते ती आयुष्यात पहिल्यांदा बघत होती.

"मी पाठवलेलं नवं टाईप केलेलं घातलंस ना रे?"

"त्याची गरजच नाही पडली! तुमच्या भावाकडून तो मृण्मयी फॉन्टच मागवला आणि टाकून घेतला माझ्या लॅपटॉपवर. आता टेन्शनच नाही."

इतक्या वर्षांची मुद्रितशोधक, पण ती फसली. समोर अक्षरं नीट दिसत होती आणि ती आपली होती. त्याच्या लॅपटॉपवर घातलेला मुखवटा छापखान्याच्या तोंडावर आपोआप कसा चढेल, हा प्रश्न तिला सुचलाच नाही. तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि 'छापायला हरकत नाही' असं म्हणून घरी आली.

घाटकोपरच्या छापखान्यातून एक फोन आला होता, हे पुढे उघड झालं. "साहेब, बीच में चार पेज कुछ अलग भाषा में है, छापने का ना?" असं तिथल्या माणसानं विचारलं होतं. बिचाऱ्यानं विचारलं तरी. अनिरुद्धनं लॅपटॉप उघडून बघितलं आणि "हमारे यहाँ बराबर दिख रहा है, छापो," असं सांगून टाकलं.

प्रकाशन शाळेच्या हॉलमध्ये होतं. गजरे, अत्तर, बटाटेवड्यांचा वास. पाहुणे म्हणून एक निवृत्त प्राचार्य आणले होते. रेशमी फीत सुटली, स्मरणिका वाटल्या गेल्या, आणि हॉलभर पानं उलटल्याचा आवाज झाला. सगळे फोटो शोधत होते. उत्तरानं आपलं पान काढलं.

पाउंड, चौकोन, उलटी प्रश्नचिन्हं. चार पानं, गुळगुळीत कागदावर, कायमची.

तिला वाटलं, आता हॉल हसणार. आता कुणीतरी ओरडणार. ती खुर्चीत अंग चोरून बसली. कोणीच हसलं नाही. प्राचार्य भाषणाला उठले आणि म्हणाले, "या अंकातली श्रीमती गुप्ते यांची कथा मी येता येता गाडीत चाळली. काय ती भाषा! साधी, पारदर्शक!" टाळ्या पडल्या. वड्यांच्या टेबलाजवळ शर्मिष्ठानं तिचा हात दाबला. "उत्तरा, रडवलंस गं. एका बैठकीत संपवली." मंडळाचे आजीव सभासद असलेले डोळ्यांचे डॉक्टर चटणी पुसत म्हणाले, "सुरेख! आमच्या हिनंही वाचली." आणि मधुकररावांनी सगळ्यांदेखत जाहीर केलं की या वर्षीचा उत्कृष्ट लेखनाचा मान उत्तराबाईंना, शाल वर्धापनदिनी.

ती मधुकररावांना आणि अनिरुद्धला बाजूला घेऊन गेली आणि पान उघडून त्यांच्यापुढे धरलं. अनिरुद्धचा चेहरा उतरला. "माझ्या लॅपटॉपवर तर..." एवढंच तो म्हणाला. मधुकररावांनी मात्र पान शांतपणे मिटलं.

"कुणी काही म्हणालं का?"

"नाही, पण..."

"मग? शुद्धिपत्र काढलं तर मंडळाचं हसं होईल, उत्तराबाई. आणि मला सांगा, लोकांना आवडलीय की नाही? मग झालं तर!"

त्या दिवशी घरी येऊन ती ढसाढसा रडली. ज्या वेलांट्या तिनं इतकी वर्षं सुधारल्या, त्या कुणीच कधी वाचल्या नव्हत्या. वेलांटी उलटी असती काय, नसती काय, आणि त्या जागी चौकोन असता काय. तीस वर्षं ती एका रिकाम्या खोलीची झाडलोट करत आली होती.

पण माणसाचं मन मोठं लबाड. दुसऱ्या दिवशी भाजीवालीपाशी एक बाई "तुमची गोष्ट वाचली हं" म्हणाली, तेव्हा उत्तरा घाईघाईनं कोथिंबीर निवडायला लागली. तिसऱ्या दिवशी बँकेत कुणीतरी म्हणालं, तेव्हा ती "आवडली का?" असं विचारून बसली. आठवडा संपायच्या आत तिला ते गोड लागायला लागलं होतं. न वाचलेल्या गोष्टीत कुणाला खोट काढता येत नाही, आणि असं निर्दोष लिहायचं भाग्य फार थोड्यांना लाभतं. शालीबरोबर कोणती साडी शोभेल, हेसुद्धा तिनं मनाशी बघून ठेवलं.

आणि मग विमलाताईंचा फोन आला. विमलाताई म्हणजे मधुकररावांची थोरली बहीण, ऐंशीच्या पुढची, लग्न न केलेली, भावाकडेच राहणारी.

"उत्तरा, तुझी माफी मागायला फोन केलाय गं. तुझी गोष्ट तेवढी राहिलीय वाचायची."

"असू दे हो, विमलाताई."

"असू दे कसं? चार दिवस झगडतेय. मधूचं मनोगत वाचता येतं, वड्यांची पाककृती येते, तुझ्या पानावर आलं की नुसते चौकोन दिसतात बघ. मधूला म्हटलं, हे काय रे? तर तो म्हणाला, मी वाचलीय, छान आहे, तुझेच डोळे गेलेत. अख्ख्या हॉलनं वाचली म्हटल्यावर डोळे माझेच ना गेले? मग मला घेऊन गेला डॉक्टरांकडे. ते आपल्या मंडळातले."

"मग?" उत्तरानं विचारलं.

"मी तुझं पानच नेलं होतं बरोबर. त्यांना म्हटलं, हे वाचता येत नाही. त्यांनी पान बघितलं, मधूकडे बघितलं, आणि म्हणाले, होतं असं वयोमानानुसार. मोतीबिंदू थोडा आहेच म्हणे, कधीतरी काढायचाच, मग लगेच काढून टाकू. येत्या सोमवारी ऑपरेशन आहे. तेवढं झालं की पहिली तुझी गोष्ट वाचते."

उत्तरानं फोन ठेवला. दोन शिकलेले, पोक्त पुरुष. एक पान बघितलं नाही एवढं कबूल करायचं होतं, त्यापेक्षा त्यांना एका म्हातारीचा डोळा कापणं सोपं वाटलं होतं. तिला त्यांचा संताप आला. मग लक्षात आलं की आठवडाभर आपणही तेच खोटं गोड मानून खात होतो, तेव्हा स्वतःचाही आला. आपण गप्प राहिलो तर सोमवारी सुरी चालेल आणि वर्धापनदिनी शाल मिळेल. तिनं चपला सरकवल्या.

दार मधुकररावांनी उघडलं. काय झालं असावं ते त्यांना तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

"विमलाताईंना खरं काय ते सांगायला आलेय."

"हळू, हळू बोला," ते बाहेर येऊन दार ओढून घेत म्हणाले. "अहो, मोतीबिंदू आहेच तिला. थोडा का होईना. नुकसान काय आहे यात? तुम्ही आत्ता सांगितलंत तर मी... म्हणजे डॉक्टर... म्हणजे मंडळ तोंडघशी पडेल. आणि तुमची शाल आहे, विसरू नका."

"शाल तुम्हीच घ्या, मधुकरराव. तोंड झाकायला उपयोगी पडेल."

हे वाक्य आपल्या तोंडून गेलं यावर तिचा स्वतःचाच विश्वास बसेना. ती त्यांना ओलांडून आत गेली.

विमलाताई खिडकीशी बसल्या होत्या, मांडीवर स्मरणिका, हातात भिंग. उत्तरा त्यांच्यासमोर बसली आणि तिनं सगळं सांगितलं. फॉन्टचं, अनिरुद्धच्या लॅपटॉपचं, छापखान्याच्या फोनचं. टाळ्यांचं सांगितलं, आणि त्या टाळ्या आपल्याला आवडायला लागल्या होत्या हेही सांगून टाकलं. विमलाताईंनी सगळं ऐकून घेतलं. भिंग बाजूला ठेवलं.

"म्हणजे माझे डोळे ठीक आहेत?"

"तुमचेच तेवढे ठीक आहेत."

"मधू!" त्यांनी हाक मारली. दारामागची सावली हलली, पण आत आली नाही. "सोमवारी तू जा रे डॉक्टरांकडे. तुला जास्त गरज आहे."

आतल्या खोलीत टीव्ही लागला, जरा मोठ्यानंच.

उत्तरानं पर्समधून घरी छापलेली चार पानं काढली. तिच्या जुन्या कॉम्प्युटरवरून, जुन्या प्रिंटरवर, थोडी फिकट आलेली. ती विमलाताईंना द्यायला गेली, तर त्या म्हणाल्या, "तूच वाच. तुझ्या तोंडून ऐकते."

ती वाचायला लागली. आवाज पहिल्यांदा कापला, मग स्थिरावला. बोर्डावरचे दिवे, देवगडची लाईन, पलीकडे वारा असावा तसा येणारा आवाज, आणि 'कोण गेलं?' असं पुन्हा पुन्हा विचारणारी बाई. विमलाताई डोळे मिटून ऐकत होत्या. हुं नाही, चूं नाही. झोपल्या की काय अशी उत्तराला शंका आली. पण ती वाचत राहिली, शेवटच्या शब्दापर्यंत.

विमलाताईंनी डोळे उघडले.

"बरी आहे," त्या म्हणाल्या.

आठवडाभर सुरेख, पारदर्शक, रडवलंस असं ऐकलेल्या बाईला हे 'बरी आहे' कानफटात बसावं तसं बसलं.

"पण ती मुलगी दोनदा रडते," विमलाताई पुढे म्हणाल्या. "एकदा फोन चालू असताना, आणि मग घरी गेल्यावर. एक काढ."

"कुठलं काढू?"

"दुसरं. पहिल्यांदा ती रडते गं. दुसऱ्यांदा तू रडवतेस तिला."

उत्तरानं ते पान पुन्हा वाचलं, मनातल्या मनात. तो परिच्छेद तिला सगळ्यात जास्त आवडायचा. त्याच्यावर तिनं सगळ्यात जास्त मेहनत घेतली होती. आणि विमलाताईंचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. तिला वाईट वाटलं, खूपच वाटलं, आणि त्या वाईट वाटण्यात असा काही आनंद होता की तिनं खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, "आणखी कुठे खटकलं?"

"सांगते ना," विमलाताई सावरून बसल्या. "पहिल्यापासून वाच."